कापलेले नाक आणि कपाळातली शीर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. इंदिरानगर, नाशिक)

आम्ही इंदिरानगरहून बोलतोय. हातातले काम चालू ठेवा, शेंगा फोडा, भाजी निवडा, पण कान इकडे असू द्या.

आपल्या नाशिकच्या नावातच नाक आहे. नासिका म्हणजे नाक. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. नऊ शिखरांवरून नाव पडले असेही काही जण सांगतात. पण लोकांच्या तोंडी राहिली ती नाकाचीच गोष्ट.

आपल्या बोलण्यात तर नाक पावलोपावली येते. मुलीने मनाविरुद्ध लग्न केले की घराण्याचे नाक कापले जाते. दिमाख करणारी नाक वर करून चालते, गरजू माणूस नाक मुठीत धरून येतो. आणि लग्न जमेना की सगळे म्हणतात, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. नाक म्हणजे अब्रू, आणि अब्रू म्हणजे बाईच्या डोक्यावर ठेवलेला हंडा, तो तिनेच सांभाळायचा, असा सगळा हिशेब.

शूर्पणखेची कथा नाक कापण्यापाशी थांबते. पुढे ती रडत भावाकडे गेली, युद्ध झाले, एवढेच आपल्याला सांगतात. तिच्या जखमेचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत. कापलेल्या नाकाचे पुढे काय होते? ते परत येते का? तर येते. ते कसे येते हे आपल्या मराठी मुलखातल्या एका कारागिराने साऱ्या जगाला दाखवून दिले. त्याची गोष्ट सांगता सांगता आपल्या चेहऱ्यात आणि डोक्यात रक्त कुठून कसे फिरते, तेही पाहू.

बैल हाकणारा कावसजी

गोष्ट आहे सव्वादोनशे वर्षांपूर्वीची. पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी 1790 ते 1792 असे युद्ध झाले. त्यात इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते. लढाई म्हटली की आपल्याला तलवारी आणि तोफा आठवतात. पण फौज चालते ती दाण्यागोट्यावर, आणि दाणागोटा चालतो बैलांवर. हजारो बैल आणि ते हाकणारी माणसे फौजेबरोबर असत. शत्रूला फौज उपाशी मारायची असेल तर तो आधी या माणसांना गाठतो.

अशाच बैल हाकणाऱ्यांपैकी एक होता कावसजी. इंग्रजांनी त्याचे नाव असे लिहून ठेवले आहे. नाव पारशी वाटते, पण तो मराठा, शेती करणाऱ्या जातीतला, असे त्याच कागदात म्हटले आहे. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले, त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला. तसाच तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिली. पण पेन्शन तोंडावर लावता येत नाही. वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला.

मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस वैद्यांच्या घराण्यातला नव्हता. विटा करणाऱ्या जातीतला होता, म्हणजे आपल्या बोलीत कुंभार. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुण्यात त्या काळी इंग्रजांचा वकील राहत असे, त्याच्याकडे क्रूसो डॉक्टर होता. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने नवे नाक बसवलेल्या कावसजीचे चित्र काढले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रे काढणारा वेल्स तो हाच. आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ही सगळी हकीकत छापून आली.

त्या कुंभाराने काय केले

आता ही कृती नीट ऐका. सामान सगळे आपल्या घरातले आहे.

त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा घेतला. उरलेल्या खुंटावर तो बसवून नाकाचा आकार दिला, शोभेल असा. मग तो आकार उकलून सपाट केला आणि कपाळावर ठेवला. त्याच्या कडेने रेघ ओढली. आपण ब्लाऊज बेततो तसेच. आधी कागद, मग खडूची रेघ, मग कात्री.

त्या रेघेवरून त्याने कपाळाची कातडी सोडवली. पण सगळी सोडवली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी, एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. हे लक्षात ठेवा, सगळी गोष्ट या पट्टीवर उभी आहे.

मग खुंटाच्या जुन्या जखमेची कड खरवडून ताजी केली आणि भोवताली, वरच्या ओठापर्यंत, एक चीर घेतली. कपाळाची कातडी खाली ओढली, अर्धा पीळ देऊन फिरवली, म्हणजे कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहिली. तिची कड त्या चिरेत बसवली. सुईदोरा लावला नाही. कात पाण्यात मऊ केला, विड्यात घालतो तोच कात. तो फडक्याच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस तेवढेच. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापायची. तोवर नव्या नाकाने आपला जीव धरलेला असतो.

ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, आणि कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा दिसत नाही, असेही त्या हकीकतीत लिहिले आहे. हे सगळे भूल न देता. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचा प्रयोग अमेरिकेत जगासमोर झाला तो 1846 मध्ये. कावसजीने जे सोसले ते जागेपणी सोसले.

चेहऱ्याचे कालवे

आता प्रश्न असा की ती पट्टी कशाला? कातडी सगळी कापून नाकावर चिकटवली असती तर?

तर ती काळी पडून सडली असती. कातडी जाड असली तर नुसती चिकटवून जगत नाही, तिला रक्त लागते. गंगापूर धरणाचे पाणी शेतात कसे पोहोचते ते आपल्याला ठाऊक आहे. धरणातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी, आणि शेवटी सरीतून रोपाच्या मुळाशी. शरीरात धरणाच्या जागी हृदय आहे. हृदयाकडून रक्त घेऊन जाणारी जी नळी तिला पुस्तकात रोहिणी किंवा धमनी म्हणतात. आपण सरसकट नस म्हणतो, शीर म्हणतो. रोहिणी जिथे कातडीजवळ येते तिथे बोट ठेवले की ठोका लागतो.

मानेत श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी रोहिणी आहे. हे डोक्याचे दोन कालवे. ठोका पाहायचा तर एका वेळी एकाच बाजूला, अगदी हलके बोट ठेवा. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत, चक्कर येते, जिवावरही बेतू शकते. गळा दाबणे इतके धोक्याचे का, त्याचे हेही एक कारण आहे.

जबड्याच्या खालच्या अंगाला, मानेतच, या कालव्याच्या दोन वाटा होतात. एक आतली, एक बाहेरची. आतली वाट कवटीत शिरते आणि मेंदूला व डोळ्याला रक्त पुरवते. बाहेरची चेहऱ्याला आणि डोक्याच्या कातडीला पुरवते.

बाहेरच्या वाटेच्या दोन चाऱ्या आपल्या बोटांना सापडतात. दात घट्ट आवळा. जबड्याच्या मागच्या भागात एक स्नायू फुगेल. त्याच्या लगेच पुढे, जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर बोट ठेवा, दात सैल सोडा आणि थांबा. लागला ठोका? ती चेहऱ्याची रोहिणी. ती तिथून वळणे घेत ओठांच्या कोपऱ्याजवळून, नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत चढते. वळणे अशासाठी की आपण हसतो, चावतो, तोंड उघडतो. सरळ असती तर ताणली गेली असती. दुसरी चारी कानाच्या अगदी पुढे, कानशिलाकडे जाताना. तिथेही ठोका लागतो. रागाने कानशिलाची शीर उडते म्हणतो ना, ती हीच.

आता आतल्या वाटेकडे या. ती डोळ्याला जाते, पण डोळ्यापाशी संपत नाही. तिच्या बारीक फांद्या खोबणीच्या वरच्या कडेने बाहेर येतात आणि कपाळावर चढतात. त्यातली एक निघते भुवईच्या आतल्या टोकाजवळून, नाकाच्या मुळाशेजारी, आणि सरळ वर केसांकडे जाते. आणि गालावरून चढत आलेली बाहेरची चारी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आतल्या वाटेच्या फांदीला येऊन मिळते.

म्हणजे बघा, त्या कुंभाराने जी अरुंद पट्टी जोडलेली ठेवली ती दोन कालव्यांच्या पाण्याच्या भेटीची जागा होती. पट्टी बोटभर रुंद, पण तिच्यातून कपाळाच्या लांब कातडीला रक्त मिळत राहिले. त्याच्याकडे शरीराच्या आतला नकाशा छापलेला नव्हता. कुठे पट्टी ठेवली की कातडी गुलाबी राहते आणि कुठे ठेवली की काळी पडते, हे पिढ्यांनी पाहून, हाताने शिकून ठरले होते. आजही डॉक्टर कपाळावरून नाक करतात तेव्हा त्याच शिरेच्या आधाराने करतात, आणि पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. पंचवीस दिवस आणि तीन आठवडे, फरक फारसा नाही.

भेट कलम

तीन आठवडे कशाला, हे आपल्यापैकी ज्यांच्या बांधावर आंबा आहे त्यांना पटकन कळेल. आंब्याचे भेट कलम कसे बांधतात? चांगल्या झाडाची फांदी तोडत नाहीत. रोपाची कुंडी झाडापाशी नेतात. रोपाची साल थोडी तासतात, फांदीची साल थोडी तासतात, दोन्ही उघड्या बाजू एकमेकींना लावून घट्ट बांधतात. फांदी अजून आपल्या झाडाचाच रस पीत असते. दोन्ही जुळले, रोपाचा रस फांदीत चढू लागला, की मग फांदी झाडापासून तोडायची. आधी तोडली तर वाळते.

नाकाचेही तसेच. खुंटाची कड खरवडली म्हणजे साल तासली. कपाळाची कातडी तिला लावली. तिकडून भुवईतली शीर रक्त देत राहिली, इकडून खुंटातल्या बारीक शिरा हळूहळू नव्या कातडीत शिरल्या. पुरेशा शिरल्या की मग पट्टी कापली. जुने नाते तोडायचे ते नवे नाते जुळल्यावर.

जुनी विद्या, लांबचा प्रवास

ही विद्या पुण्याच्या कुंभारापाशी सुरू झालेली नव्हती. सुश्रुतसंहिता नावाचा शस्त्रक्रियेचा ग्रंथ आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यात कान टोचण्याचा अध्याय आहे. जड दागिन्यांनी कानाची पाळी फाटली तर ती कशी जोडायची याच्या पंधरा तऱ्हा त्यात दिल्या आहेत. बुगडी आणि जड झुब्यांनी फाटलेले कान आपण आपल्या आज्यांचे पाहिले आहेत, म्हणजे हा प्रश्न किती जुना ते कळते. त्याच अध्यायात नाकाची कृती आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यायचे, त्या मापाने गालाची कातडी सोडवायची, पण एका बाजूने जोडलेली ठेवायची, नाकावर बसवायची, श्वासासाठी आत दोन नळ्या घालायच्या, औषधी चूर्ण टाकून कापसाने झाकायचे, वरून तिळाचे तेल शिंपडायचे. तिथे गाल, पुण्यात कपाळ. तिथे पान, पुण्यात मेण. पण जोडलेली ठेवायची, हे दोन्हीकडे सारखे.

हिमाचलात कांगड्यालाही नाक बसवणारी घराणी होती. तिकडे लांब इटलीत टालियाकोत्सी नावाच्या वैद्याने 1597 मध्ये ग्रंथ छापला. तो दंडाची कातडी नाकाला लावी, आणि ती जुळेपर्यंत रोग्याचा हात डोक्याशी बांधून ठेवी. कित्येक दिवस हात डोक्यावर! पुढे युरोपात ही विद्या मागे पडली.

म्हणून पुण्याची हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली तेव्हा वाचणाऱ्यांना ती नवलाची वाटली. जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टरने ती मनावर घेतली. मृतदेहांवर हात बसवला आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजी चेल्सीच्या यॉर्क हॉस्पिटलमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक कपाळाच्या कातडीने बसवले. 1816 मध्ये त्याने दोन रोग्यांचा वृत्तांत पुस्तक करून छापला. 1818 मध्ये जर्मनीत ग्रेफे याचे पुस्तक आले. आज ज्याला आपण प्लास्टिक सर्जरी म्हणतो, तिच्या इतिहासात ही तीन वर्षे आवर्जून सांगतात, आणि या पद्धतीला आजही जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणतात.

कार्प्यूचे नाव राहिले, ग्रेफेचे राहिले, चित्र काढणाऱ्याचेही राहिले. ज्याच्या हातांनी नाक बसवले त्याचे नाव नाही, तो नुसता ‘विटा करणाऱ्या जातीतला माणूस’. मैत्रिणींनो, आपल्याला याचे नवल वाटायला नको. बाळंतपणे करणाऱ्या सुइणी, हाड बसवणाऱ्या बाया, बियाणे राखणाऱ्या आज्या, यांची तरी नावे कुठल्या वहीत आहेत?

नाके कोणाची कापली जात

आता जरा जड बोलायचे आहे. कावसजी युद्धात सापडला होता. पण आपल्या देशात नाक कापून घेण्यासाठी युद्धात जावे लागत नव्हते. बाईला ते घरात बसूनही मिळत होते.

इंदूरला, होळकरांच्या राजधानीत, कीगन नावाचा इंग्रज डॉक्टर होता. त्याने तिथे पुष्कळ नाके बसवली आणि 1900 मध्ये त्यावर पुस्तक छापले. भारतीय पद्धतीत त्याने एक सुधारणा केली. नुसती कपाळाची कातडी लावली तर आतून उघडी जखम राहते आणि नाक आकसते. म्हणून त्याने खुंटावरची कातडी उलटी दुमडून आत अस्तर दिले. झोळीला अस्तर लावतो तसे. पण ही विद्या इतकी का वाढली, याचे उत्तर त्याच्याकडे आलेल्या रोग्यांत होते. त्यांत नवऱ्याने संशयावरून नाक कापलेल्या बायका होत्या. जुनागढच्या संस्थानात त्रिभुवनदास मोतीचंद शहा या डॉक्टरांनी 1889 मध्ये शंभर नाकांचा वृत्तांत छापला. शंभर नाके! एका संस्थानात.

गळा नाही, हात नाही, नाकच का? मारून टाकले तर लोक विसरतील. नाक कापले तर बाई जिवंत राहील आणि रोज, प्रत्येक माणसाला, तिच्या तोंडावर तिचा ‘गुन्हा’ दिसेल. तिला काही बोलायची सोय नाही, चेहराच बोलणार. शूर्पणखेची कथा अशी हजारो घरांत घडत होती.

ते सगळे संपले असे आम्ही म्हणणार नाही. हत्यार बदलले. कुठे ॲसिड, कुठे रॉकेल, कुठे उकळते तेल, कुठे ब्लेड. पण निशाणा तोच, चेहरा. हेतूही तोच.

म्हणून कावसजीची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. शरीराला अब्रू ठाऊक नाही. कापलेल्या जागेला लाज वाटत नाही. तिला रक्त मिळाले की ती भरायला लागते, बाई कोणाची, तिने काय केले, हे ती विचारत नाही. ‘नाक गेले ते गेले, अब्रू परत येत नाही’ हे समाज म्हणतो. शरीर तसे म्हणत नाही.

आपल्या जवळचे दोन धागे

स्वातंत्र्यानंतर ही विद्या आपल्याकडे नव्याने उभी राहिली, तीही महाराष्ट्रात. 1958 मध्ये नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशात अशा विभागांतला तो पहिला मानतात. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. नोशीर अंतिया यांनी असाच विभाग उभा केला. त्याआधी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले होते. कुष्ठरोगात उपचार झाले नाहीत तर नाक आतून पोखरले जाऊन बसते. रोग बरा झाला तरी चेहरा पाहून लोक जवळ करत नाहीत. अंतियांनी अशी बसलेली नाके उभी केली. ज्या पुण्याजवळ कुंभाराने कावसजीला नाक दिले, त्याच मुलखात.

पुढे याच डॉक्टरांना वाटले की चार भिंतींच्या हॉस्पिटलात बसून गावाचे आरोग्य सुधारत नाही. 1970 नंतरच्या दशकात त्यांनी रायगड जिल्ह्यात मांडव्याच्या परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. थोडे शिकलेल्या, काही तर अक्षरओळख नसलेल्या. त्या बायकांनी लोकांचे आरोग्य सांभाळून दाखवले. आज आपल्या वाडीवर आशाताई येते, तिच्या आधी अशा बाया होत्या.

हाताशी ठेवायच्या गोष्टी

इतिहास ऐकून पदर झटकून उठायचे नाही. चेहऱ्याच्या शिरांचे हे ज्ञान आपल्या कामाचे आहे.

डोक्याची किंवा चेहऱ्याची जखम झाली की रक्त फार येते. पोराच्या डोक्याला खोक पडली की आईचे हातपाय गळतात. तिथे शिरांचे जाळे दाट आहे, आणि डोक्याच्या कातडीत शिरा अशा धरून ठेवलेल्या असतात की कापल्यावर पटकन आकसत नाहीत. म्हणून जखम लहान असली तरी रक्त खूप दिसते. स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवा आणि सलग दहा मिनिटे दाबून धरा. मधेच उचलून पाहू नका. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हाड आत दबलेले वाटले तर जोर देऊ नका. मार लागून उलटी झाली, शुद्ध हरपली, कानानाकातून पाणी किंवा रक्त आले, तर क्षणभर थांबू नका. 108 ला फोन करा.

हळद, चहापत्ती, तंबाखू, कोळशाची राख, काही भरू नका. त्याने जखमेत घाण जाते आणि डॉक्टरला टाके घालताना ती काढत बसावे लागते.

शिरांचे हेच दाट जाळे चेहऱ्याच्या फायद्याचेही आहे. एका चारीचे पाणी तुटले तरी दुसरीकडून येते. म्हणून चेहऱ्याच्या जखमा लवकर भरतात आणि नीट टाके पडले तर व्रणही बारीक राहतो. कानाचा किंवा नाकाचा तुकडा तुटला तर फेकू नका. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्या. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही.

घोळणा फुटला की डोके मागे टाकायला सांगतात, ते चूक. रक्त घशात उतरते. पुढे वाकून बसवा, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे धरा, तोंडाने श्वास घेऊ द्या.

चेहऱ्यावर ॲसिड पडले तर लगेच भरपूर स्वच्छ वाहते पाणी, निदान वीस मिनिटे. पाणी दुसऱ्या डोळ्यात किंवा अंगावर जाणार नाही असे धरा. आणि दवाखाना. कायदा असा आहे की ॲसिड हल्ल्यातल्या बाईला कोणताही दवाखाना, सरकारी असो की खासगी, लगेच आणि फुकट उपचार देण्यास बांधील आहे. आधी पैसे भरा असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात अशा बाईसाठी मनोधैर्य योजनाही आहे. घरातल्या मारहाणीसाठी 181 हा महिलांचा मदतीचा क्रमांक आहे, तातडीला 112.

आणि चेहरा कायमचा विद्रूप करणे हा इंग्रजांच्या 1860 च्या दंड संहितेपासून गंभीर दुखापतीचा गुन्हा आहे. आताच्या न्याय संहितेतही आहे. ‘घरातली गोष्ट’ ती त्या दिवसापासूनच उरलेली नाही.

एक शेवटचे. आपल्या गटात, गल्लीत, वस्तीवर एखादी बाई असते जी सदा पदर तोंडावर ओढून असते. भाजल्याचा व्रण, जुनी जखम, फाटलेला ओठ. बैठकीला येत नाही, फोटोत उभी राहत नाही. तिला आपण कीव दाखवतो किंवा नजर चुकवतो. त्यापेक्षा तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात जा. जुन्या जखमांवरही आज उपचार होतात. एका खेपेत होत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि एकटीला ते झेपत नाही. तिच्या रांगेत उभे राहायला, तिची लेकरे तेवढा वेळ सांभाळायला, गाडीभाड्याला गटातून शंभर-दोनशे काढायला बाया लागतात.

त्या कुंभाराने बोटभर पट्टी जोडलेली ठेवली, म्हणून कावसजीचे नाक जगले. तुटलेल्या बाईलाही तेवढेच लागते. कुठेतरी, कोणाशी तरी, ती जोडलेली राहिली पाहिजे. नवे जुळेपर्यंत ते तोडू नका.

इंदिरानगरहून आम्हा सगळ्या जणींचा नमस्कार.